‘दिवसभरात तीनच ठिकाणं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

एवढा सविस्तर अभिप्राय लिहिलात, आभार. दोन स्टार पाहून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? बाकीचेही वाचतात, म्हणून उत्तर इथेच देतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आयर्लंडमध्ये डब्लिनहून विकलोच्या डोंगराळ भागात नेलं, पण दिवसभरात तीनच ठिकाणं दाखवली. मोठ्या बसवाले एका दिवसात क्लिफ्स ऑफ मोहर, म्हणजे मोहरचे समुद्रकडे, करून आणतात. ग्लेन्डालॉकच्या जुन्या मठाला पडक्या भिंती आणि कबरी सोडून काही नाही. रस्त्यात मेंढ्यांपाशी उगाच वेळ काढला, गिनेस लेकवर खाली उतरू दिलं नाही, सात वर्षांच्या मुलाला ‘बाळाच्या खुर्चीत’ बसवलं आणि जेवायला सूप-पाव. म्हणून निम्मे पैसे परत हवेत.

आधी मोहरचं. ते कडे पार पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर काउंटीत. डब्लिनपासून जवळपास 270 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सहा-सात तास नुसतं सीटवर. 214 मीटर उंचीचे कडे आहेत, बघण्यासारखे आहेतच, त्यांना नावं ठेवणारा मी कोण? पण बुकिंगच्या वेळी तुम्हीच लिहिलं होतं, ‘धावपळ नको, आईचे गुडघे दुखतात, मुलांना गाडी लागते.’ दिवस आखला तो त्यावरून. ग्लेन्डालॉक डब्लिनपासून 50 किलोमीटरच्या आसपास आहे. महाबळेश्वरला टॅक्सीवाला पॉइंट मोजून दाखवतो तसा दिवस आम्ही विकत नाही, आणि ते माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत लिहिलेलं आहे.

आता त्या ‘पडक्या भिंती’. सेंट केविनने तिथे सहाव्या शतकात मठ उभा केला. दोन तळ्यांच्या त्या दरीत पुढे कित्येक शतकं भिक्षूंची वस्ती होती. गोल मनोरा तीस मीटर उंच, आणि त्याचं दार जमिनीपासून साडेतीन मीटरवर, शिडी लावल्याशिवाय आत जायची सोय नाही. वरचं शंकूसारखं छप्पर 1876मध्ये पुन्हा बांधलं, तेही जुनेच दगड वापरून. बाबा मनोऱ्याच्या भिंतीवर हात फिरवत ‘हे चमकतंय काय’ म्हणून विचारत होते, ते अभ्रक. त्या खडकातच असतं. मग दाराची उंची, दगडांचे थर, चुना असं बराच वेळ चाललं होतं. त्यांना तिथून ‘चला, उशीर होतोय’ म्हणून उठवायचं माझ्या जिवावर आलं असतं. तुम्ही त्या वेळी गाडीत फोनवर होतात, कामाचा फोन असणार, तक्रार नाही.

तळ्याचा वरून काढलेला जो फोटो सगळ्यांकडे असतो, तो तुम्हाला मिळाला नाही हेही लिहिलंत. तो स्पिंक नावाच्या, तळ्यावरच्या डोंगरकड्याच्या वाटेवरून मिळतो आणि त्या वाटेला लाकडी फळ्यांच्या 600च्या आसपास पायऱ्या आहेत. आईंना घेऊन? आपण गेलो ती खालची, दोन तळ्यांमधली सपाट वाट. आई वरच्या तळ्यापर्यंत आपल्या पायांनी आल्या.

गिनेस लेक, म्हणजे लॉक टे, खासगी इस्टेटीत आहे. बघायचं ते वरच्या रस्त्यावरून. कुंपण ओलांडून कोणाला सोडायचा मला अधिकार नाही. रस्ता अरुंद आणि कडेला सरळ उतार, म्हणून मुलांना हात सोडू नका म्हणत होतो.

मेंढ्यांचं म्हणाल तर सॅली गॅपच्या खिंडीत त्या मोकळ्याच चरतात आणि रस्त्यातच ठाण मांडतात. हॉर्न वाजवून पिटाळायचं मला पटत नाही. पाठीवर लाल-निळे पट्टे असतात ते मालकांच्या खुणा. तुमची मुलं लाल किती, निळ्या किती मोजत होती आणि धाकटी ‘हिरवी पण आहे’ म्हणून ओरडली. तोच रस्ता इंग्रजांनी 1798च्या उठावानंतर डोंगरात लपलेल्या बंडखोरांना हुडकायला बांधला, हे मी तिथे सांगितलं होतं, पण मेंढ्यांपुढे इतिहासाला कोण विचारतो!

खुर्चीबद्दल माझा नाइलाज आहे. इथल्या कायद्याने 150 सेंटीमीटर उंची किंवा 36 किलो वजन होईपर्यंत मुलांना योग्य सीट लागते. सात वर्षांचा मुलगा रुसला तरी लागते.

जेवणाचं. आई अंडंसुद्धा खात नाहीत हे तुम्ही कळवलं होतं. म्हणून ऑर्डर देण्याआधी सूप चिकनच्या पाण्यात केलंय का ते मी आत जाऊन विचारून आलो, आणि त्यांच्या पुढ्यातला स्कोन (छोटा गोड पाव) उचलला, कारण त्यात बहुतेक वेळा अंडं असतं. सोडा ब्रेडला यीस्ट लागत नाही, ताक आणि खायचा सोडा घालून करतात. आईंनी त्याची कृती लिहून घेतली. भाजी-पोळी हवी असेल तर डबा आणा, हे आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये होतं.

पैशांचं स्पष्टच सांगतो. ठरलेली सगळी ठिकाणं झाली, ठरलेल्या वेळी घरी सोडलं, पार्किंग आमच्याकडेच होतं. परतावा देता येणार नाही.

मोहर करायचंच असेल तर आई-बाबांना घेऊन एका दिवसात करू नका. रेल्वेने एनिसपर्यंत जा, वाटेत लिमरिकला गाडी बदलावी लागते. एनिसहून पुढे बस आहे. कड्यांजवळच्या डूलिन गावात एक रात्र मुक्काम टाका आणि सकाळी लवकर कड्यांवर जा, डब्लिनच्या बसगाड्या पोचायच्या आत. तिकडे माझी गाडी येत नाही, पण बसचं वेळापत्रक हवं असेल तर पाठवतो. वारा फार असतो, आईंना कानटोपी असू द्या.