डेंटलच्या मुलांचे दात आणि आत्याने पाठवलेला मेसेज

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्याने एक मेसेज टाकला. आठवड्याभरात तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि मग शाळेतल्या मैत्रिणींच्या. मजकूर थोडक्यात असा: "दातांचे डॉक्टर होणारी मुलं पाच वर्षं दातांबद्दल शिकतात, तरी त्यांचेच दात किडलेले असतात. शिकून सवयी बदलत नाहीत. ही मुलं स्वतःचे दात कधी साफ करून घेत नाहीत, कारण त्याने दात हलतात हे त्यांना माहीत असतं. आपल्या आज्या मशेरी लावायच्या आणि त्यांचे दात शेवटपर्यंत टिकले. ज्यांना स्वतःचे दात सांभाळता येत नाहीत, त्यांच्या हाती आपलं तोंड कशाला द्यायचं?"

मी एका डेंटल कॉलेजात हिरड्यांच्या आजारांचा विषय शिकवते. बावीस वर्षं झाली. मेसेजमध्ये ज्या मुलांबद्दल लिहिलंय ती रोज सकाळी माझ्यासमोर उभी असतात आणि त्यांच्या तोंडात मी स्वतः आरसा घालून पाहिलेलं आहे. आत्याला फोनवर सगळं सांगितलं, तिला पटलंही. पण मेसेज अजून फिरतोच आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

"त्यांचेच दात किडलेले असतात."

बीडीएसला, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीच्या पदवीला, येणारं मूल साधारण अठरा वर्षांचं असतं. पहिली कायमची दाढ येते सहाव्या वर्षी. म्हणजे कॉलेजात पाऊल ठेवण्याआधी ती दाढ बारा वर्षं तोंडात असते. त्या बारा वर्षांत मूल काय खातं, रात्री झोपताना ब्रश करतं का, दाढेवर काळा ठिपका दिसल्यावर घरचे त्याला दवाखान्यात नेतात की "दुखायला लागलं की बघू" म्हणतात, यातलं काहीच आमच्या हातात नसतं. पहिल्या वर्षाच्या मुलांचे दात त्यांच्या घराबद्दल, शाळेबद्दल आणि गावात दवाखाना होता की नाही याबद्दल सांगतात. फिनलंड आणि जपानमधल्या पहिल्या वर्षाच्या डेंटल विद्यार्थ्यांची तुलना झाली होती. दात दुखेपर्यंत डॉक्टरकडे न जाणारे विद्यार्थी जपानमध्ये कितीतरी जास्त निघाले. फिनलंडमध्ये लहानपणापासून सरकारी यंत्रणेतून मुलांचे दात नियमित तपासले जातात. दोन्हीकडची मुलं नुकतीच कॉलेजात आली होती, त्यामुळे हा फरक शिक्षणाचा नव्हता.

दुसरी गोष्ट मोजणीची आहे आणि ती बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. दातांच्या किडीचं जे माप जगभर वापरतात ते अमेरिकेत 1938 साली मांडलं गेलं. त्यात किडलेले, किडीमुळे गमावलेले आणि भरलेले असे सगळे दात एकत्र मोजतात. कीड तशीच सोडलेला माणूस आणि वेळेवर दाढ भरून घेतलेला माणूस, दोघांचा आकडा एकच येतो. आता डेंटलच्या मुलाचं बघा. वरच्या वर्षांत हातात आरसा आणि प्रोब (दात तपासायची टोकदार सळई) आला की मुलं पहिल्यांदा एकमेकांचेच दात तपासतात. घरी कधी कुणाला न दिसलेली, दोन दाढांच्या मधली कीड तेव्हा सापडते आणि महिनाभरात ती भरूनही होते. चार वर्षांनी त्या मुलाच्या तोंडात भरलेल्या दाढा जास्त दिसतात आणि कीड मात्र कमी असते. हसताना मागे चांदी चमकली की बघणारा म्हणतो, बघा, यांचेच दात खराब! तो दात खराब होता, आता दुरुस्त आहे.

"शिकून सवयी बदलत नाहीत."

मेसेजमधला हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात थोडं खरं आहे आणि बरंच चूक.

जपानमधल्या हिरोशिमा विद्यापीठात माकोतो कावामुरा यांनी 1980 च्या दशकात एक प्रश्नावली तयार केली. वीस साधी विधानं, प्रत्येकाला हो किंवा नाही. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं का, दात दुखेपर्यंत डॉक्टरकडे जायचं टाळता का, ब्रश झाल्यावर आरशात दात नीट बघता का, जोर लावून घासल्याशिवाय दात स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही का, अशी. वीसपैकी बारा विधानांनाच गुण असतात, म्हणून सगळी उत्तरं योग्य आली तर बारा गुण. ही प्रश्नावली जपान, कोरिया, तुर्कस्तान आणि भारतासह कितीतरी देशांत डेंटलच्या विद्यार्थ्यांना दिली गेली आहे. सर्वसाधारणपणे दिसतं ते असं की वरच्या वर्षांतल्या मुलांचे गुण पहिल्या वर्षाच्या मुलांपेक्षा जास्त येतात आणि मोठी उडी दिसते ती पेशंट तपासायला सुरुवात झाल्यानंतर.

या अभ्यासांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उत्तरं मुलं स्वतःच देतात आणि अंतिम वर्षाच्या मुलाला बरोबर उत्तर कोणतं हे पाठ असतं. शिवाय बहुतेक वेळा एकाच मुलाला पाच वर्षं न बघता एकाच दिवशी वेगवेगळ्या वर्षांची मुलं तपासलेली असतात. म्हणून केवळ गुणांवर मी विसंबत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

आमच्याकडे तिसऱ्या वर्षाच्या मुलांची पहिली पोस्टिंग सुरू झाली की मी त्यांना लाल रंगाची गोळी चघळायला देते. दातांवर जिथे जिवाणूंचा थर असतो तिथे तो रंग धरतो, चूळ भरली तरी जात नाही. दोन वर्षांपूर्वीच्या बॅचमधली एक मुलगी आधीच म्हणाली, "मॅडम, मी दिवसातून तीन वेळा ब्रश करते." खरंच करत होती. समोरचे दात पांढरेशुभ्र होते. गोळी चघळून तिने चूळ भरली, मी तिच्या हातात आरसा दिला आणि खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू बघायला सांगितलं. हिरडीला लागून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गर्द गुलाबी पट्टा होता. दाढांच्या जिभेकडच्या बाजूलाही तसाच. ती बराच वेळ आरसा खाली ठेवेना. मग हळूच विचारलं, "इतकी वर्षं हे असंच राहत होतं?" तिने ब्रश मागितला. तिला सवय होती तसा आडवा, जोरात फिरवला. पट्टा जागच्या जागी. मग ब्रशचे केस हिरडीच्या कडेशी तिरपे, साधारण पंचेचाळीस अंशांत टेकवून, जागच्या जागी हलकेच थरथरवायचे आणि मग दाताच्या टोकाकडे उतरवायचे, हे तिने करून पाहिलं. तिसऱ्या दातापर्यंत गुलाबी रंग उतरायला लागला होता.

ब्रश कसा धरायचा हे ती पुस्तकात वाचून आली होती, परीक्षेत आकृती काढून त्याचे मार्कही मिळवले होते. हात बदलला तो त्या दिवशी. आम्ही शिकवणाऱ्यांनी इथे स्वतःकडेही बघायला हवं. पहिली दोन वर्षं मुलं शरीररचना शिकतात, मेणात दात कोरतात, प्लॅस्टरचे साचे करतात, पण त्यांच्या स्वतःच्या तोंडात काय चाललंय हे त्यांना कुणी दाखवत नाही. ती गोळी पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं आणि मी विभागात ते मांडतेही आहे.

नुसत्या माहितीने हिरडी वाचत नाही, याचा पुरावा 1965 सालचा आहे. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथल्या डेंटल कॉलेजात हारल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यातले बहुतेक डेंटलचेच विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत एकूण एक जणाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा ब्रश सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. डेंटलचा विद्यार्थी असल्याने कुणाची हिरडी वाचली नाही. पण त्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भागही तितकाच खरा आहे: सवय बदलली की हिरडी इतक्या लवकर बरी होते. तुमच्या-माझ्यासाठी ही मोठी आशेची गोष्ट आहे.

मेसेजमधलं थोडं खरं ते हे. अंतिम वर्षाच्या मुलांचं आणि इंटर्न्सचं स्वतःकडे दुर्लक्ष होतं. रात्री दोनला वडापाव आणि गोड चहा, मग तसंच अंथरुणात. "परीक्षा झाली की बघू" म्हणत अक्कलदाढेचं दुखणं गोळ्यांवर काढणारी मुलं मी दरवर्षी बघते. पेशंटला तंबाखू सोडा असं सांगून बाहेर टपरीवर सिगारेट ओढणारा मुलगाही पाहिलाय आणि त्याला खोलीत बोलावून बसवलंय. हे मी लपवत नाही. पण यावरून "शिकून काहीच बदलत नाही" असं ठरवणं, म्हणजे दहातल्या दोघांकडे बघून उरलेल्या आठांना विसरणं.

"ती मुलं स्वतःचे दात साफ करून घेत नाहीत, कारण त्याने दात हलतात."

हे तर उलटं आहे. आमच्याकडे मुलगा पहिलं स्केलिंग, म्हणजे मशीनने दात साफ करणं, शिकतो ते शेजारच्या खुर्चीवरच्या मित्रावर, आणि मग तो मित्र त्याच्यावर. अंतिम वर्षाला पोचेपर्यंत प्रत्येकाचे दात निदान दोन-तीनदा साफ झालेले असतात. खुर्चीत उताणं पडून, तोंडात मशीनचं पाणी साचत असताना, समोरच्या नवशिक्याचा हात थरथरताना बघणं यातून पेशंटला काय वाटतं हे जे कळतं ते कुठल्या व्याख्यानातून कळत नाही.

दात हलण्याची भीती कुठून येते तेही सांगते, कारण ती खोटी नाही, तिचा अर्थ चुकीचा लावला जातो. दातांवरचा जिवाणूंचा थर वेळेवर निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी तो कडक होतो. यालाच आपण कीटण म्हणतो. खालच्या पुढच्या दातांच्या आत ते सगळ्यात जास्त साचतं, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. वर्षानुवर्षं साचलं की हिरडी सुजते, दाताभोवतीचं हाड झिजतं, आणि दात आतून सैल झालेला असतो. पण कीटणाने शेजारचे चार दात एकमेकांना सिमेंटसारखे चिकटवून ठेवलेले असतात, म्हणून तो सैलपणा जाणवत नाही. कीटण काढलं की जाणवतो. फटी दिसतात, थोडे दिवस गार पाणी झिणझिणतं. पेशंट म्हणतो, साफ केल्याने दात हलले. खरं तर हाड आधीच गेलेलं होतं. कीटण तसंच ठेवलं असतं तर उरलेलंही गेलं असतं. मशीनचं टोक कंपनाने कीटण फोडतं, दात खरवडून काढत नाही.

"आज्या मशेरी लावायच्या, त्यांचे दात टिकले."

माझी आजीही लावायची. तंबाखू तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांवर फिरवायची. तिचे दात टिकले, पण ते मशेरीने नाही. भाकरी, भाजी, फार तर सणाला गोड, दिवसभर बिस्किटं आणि थंड पेयं नाहीत, यामुळे कीड कमी होती. शिवाय आपण आठवतो ती टिकलेल्या दातांचीच आजी. शेजारच्या घरात पन्नाशीत बोळकं झालेली आजी त्या गोष्टीत येत नाही. मशेरीने दुखणं तेवढ्यापुरतं दबतं, म्हणून बायकांना बरं वाटतं आणि सवय लागते. पण ती तंबाखूच आहे. बोट जिथे फिरतं तिथली हिरडी खाली सरकते, गालाच्या आत पांढरे चट्टे येतात आणि त्यातून तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला देशात 1992 पासून बंदी आहे, ती याच कारणाने. घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीला ती लागू होत नाही. मेसेजमधल्या बाकी सगळ्या ओळी एक वेळ सोडून द्या, पण ही ओळ पुढे पाठवू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आणि शेवटचं: "त्यांच्या हाती आपलं तोंड कशाला द्यायचं?"

कॉलेजच्या ओपीडीत विद्यार्थी एकटा काही करत नाही. आधी तो पेशंटची सगळी माहिती लिहितो, तोंड तपासतो, मग शिक्षक येऊन पुन्हा तपासतात. दाढ कोरली की दाखवायची, भरली की दाखवायची, प्रत्येक टप्प्यावर सही लागते. त्यामुळे खाजगी दवाखान्यात अर्ध्या तासात होणाऱ्या कामाला आमच्याकडे दोन तास लागू शकतात आणि दोन-तीन खेपाही होतात. खर्च मात्र बराच कमी येतो. ज्यांच्याकडे वेळ आहे आणि पैसे जपून वापरावे लागतात, त्यांना मी नेहमी जवळच्या कॉलेजात जा असंच सांगते.

आत्या मागच्या शनिवारी आली होती. तिचं कीटण काढलं ते त्याच मुलीने, जी आता इंटर्न आहे. मी शेजारी उभी होते. आधी तिने आत्याला लाल गोळी चघळायला दिली, आरसा हातात दिला आणि म्हणाली, "काकू, आतल्या बाजूला बघा."