लंडनला जाताय? टॉवर ब्रिज नंतर, आधी कार्डाची सेटिंग बघा

लंडनची सहल ठरली की घरोघरी पहिली चर्चा होते ती काय बघायचं याची. लंडन आय, मादाम तुसाँ, टॉवर ब्रिज, जमलं तर लॉर्ड्स. ही यादी दहा मिनिटांत तयार होते आणि सगळ्यांची जवळपास सारखीच असते. पण चार माणसांचे पैसे आणि आईबाबांचे गुडघे कशात खर्ची पडतात, ते ठरतं वेगळ्याच दोन गोष्टींवर: शहरात फिरायचं भाडं तुम्ही कसं भरता, आणि मुक्कामाजवळच्या स्टेशनला जिने किती आहेत. खालचे आकडे २०२५ च्या दरांचे आहेत. बहुतेक दर मार्चमध्ये बदलतात, तेव्हा निघण्याआधी ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या शहराची वाहतूक चालवणाऱ्या संस्थेच्या साइटवर एकदा नजर टाका.

ट्यूब (भुयारी रेल्वे), बस, एलिझाबेथ लाइन (शहराच्या आरपार जाणारी रेल्वे), डीएलआर (पूर्व लंडनची हलकी रेल्वे) या सगळ्यांवर साधं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं. वेगळं तिकीट काढायची गरज नाही. स्टेशनच्या फाटकावर पिवळा गोल असतो, त्यावर आत जाताना कार्ड टेकवायचं आणि बाहेर पडताना तेच कार्ड पुन्हा टेकवायचं. बस आणि ट्रामला मात्र फक्त चढताना. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत, त्यामुळे खिशातल्या नाण्यांचा काही उपयोग नाही.

आपल्याकडचं कार्ड अडतं ते इथेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतं चालू असतं. परदेशी व्यवहार, ऑनलाइन आणि कॉन्टॅक्टलेस हे तीन खटके आपण स्वतः बँकेच्या अ‍ॅपमध्ये चालू करायचे असतात. लोक परदेशी व्यवहाराचा खटका आठवणीने दाबतात आणि कॉन्टॅक्टलेसचा विसरतात. मग हीथ्रोच्या फाटकावर लाल दिवा, मागे रांग, आणि खटका बदलायला लागणारा ओटीपी येणार त्या भारतीय सिमवर, जिचं रोमिंग घेतलेलंच नाही. पाच मिनिटांचं काम आहे, मुंबईतच उरकून घ्या. फॉरेक्स कार्ड घेत असाल तर त्यावर चार लाटांची, म्हणजे कॉन्टॅक्टलेसची, खूण आहे ना ते बघा. नेहमीच्या क्रेडिट कार्डावर बहुतेक बँका दर व्यवहाराला साधारण दोन ते साडेतीन टक्के शुल्क आणि वर जीएसटी लावतात. आधीच पाउंड भरलेल्या फॉरेक्स कार्डावर हा खर्च वाचतो. दुकानातल्या मशीनने ‘रुपयांत की पाउंडांत?’ असं विचारलं तर कायम पाउंड. रुपये निवडले की दर त्यांचा लागतो, आणि तो आपल्या फायद्याचा नसतो.

माणशी एक कार्ड लागतं. एका कार्डावर दोघं आत जाऊ शकत नाहीत. आणि सकाळी प्लास्टिकचं कार्ड, संध्याकाळी तेच कार्ड फोनमधून, असं करू नका. कार्ड एकच असलं तरी यंत्रणेच्या हिशेबी ती दोन वेगळी साधनं. आत एकाने आणि बाहेर दुसऱ्याने टेकवलं तर दोन अर्धवट प्रवास धरले जातात आणि दोन्हींना जास्तीत जास्त भाडं लागतं. पाकीट तसंच्या तसं टेकवलं तरी हाच घोळ होतो, कारण आतल्या दोन कार्डांपैकी कुठलं वाचलं जाईल याचा नेम नाही. डीएलआरच्या काही स्टेशनांवर फाटकंच नाहीत, नुसता खांब असतो. तिथे टेकवायला विसरलं की तोच दंड. काही स्टेशनांवर गुलाबी यंत्रं दिसतील. गाडी बदलताना त्यावर टेकवलं तर तुम्ही मध्यवर्ती झोन (भाड्यासाठी शहराचे मध्यापासून बाहेर झोन पाडलेत, मधला तो १) टाळून आलात हे यंत्रणेला कळतं आणि भाडं कमी लागतं.

हे सगळं नीट केलं की दिवसाची कमाल मर्यादा आपोआप लागू होते. झोन १ आणि २ मध्ये कितीही फिरलात तरी दिवसाला ८.९० पाउंडांच्या वर कापले जात नाहीत. इथला दिवस पहाटे साडेचार ते दुसऱ्या पहाटे साडेचार. आठवड्याचीही मर्यादा आहे, पण ती सोमवार ते रविवार मोजतात. गुरुवारी उतरून पुढच्या बुधवारी निघणाऱ्याला तिचा फारसा फायदा नाही. त्याने ऑयस्टरवर, म्हणजे लंडनच्या प्रवासाच्या प्रीपेड कार्डावर, सात दिवसांचा ट्रॅव्हलकार्ड (पास) घ्यावा, तो कुठल्याही दिवसापासून सुरू होतो. एका दिवसाचा कागदी ट्रॅव्हलकार्ड मात्र या मर्यादेपेक्षा बराच महाग पडतो. तो अजून कोण घेतं कळत नाही.

मुलांचं भाडं वेगळं. अकरा वर्षांखालची चार मुलं तिकीटवाल्या एका मोठ्या माणसाबरोबर फुकट. अकरा ते पंधराच्या मुलांसाठी ऑयस्टर कार्ड घ्या आणि ट्यूब स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला त्यावर ‘यंग व्हिजिटर डिस्काउंट’ चढवून द्यायला सांगा. चौदा दिवस अर्धं भाडं. बँक कार्डावर ही सवलत चढत नाही आणि आपणहून ती कुणी देत नाही, मागावी लागते.

बसचं भाडं १.७५ पाउंड, पहिल्या टेकवण्यापासून तासाभरात कितीही बसा बदला, पुन्हा पैसे नाहीत. दिवसभर फक्त बसनेच फिरलात तर मर्यादा ५.२५. म्हणून ती उघड्या टपाची ‘हॉप ऑन हॉप ऑफ’ बस मला पटत नाही. नऊ नंबरची साधी लाल बस घ्या, अल्बर्ट हॉल, हाइड पार्क कॉर्नर, पिकॅडिली, ट्रॅफलगर स्क्वेअर असा रस्ता आहे. पंधरा नंबर ट्रॅफलगरहून सेंट पॉलवरून टॉवरपर्यंत नेते. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट पकडा. समालोचन नाही, पण ते तसंही कुणी ऐकत नाही.

आता हीथ्रो. शहरात यायला तीन रेल्वे आहेत. पिकॅडिली लाइन सहा पाउंडांच्या आत, मध्यापर्यंत जवळपास तास. एलिझाबेथ लाइन चौदाच्या आसपास, टॉटनहॅम कोर्ट रोडला अर्ध्या-पाऊण तासात. हीथ्रो एक्स्प्रेस ऐनवेळी काढल्यास पंचवीसच्या आसपास, पॅडिंग्टनला पंधरा मिनिटांत. मुक्काम पॅडिंग्टनच्या दारातच नसेल तर तिसरीचा विचार सोडून द्या. तरुण जोडप्याने पिकॅडिलीने जावं. बरोबर आईवडील आणि तेवीस किलोच्या चार बॅगा असतील तर एलिझाबेथ लाइन, जास्तीचे पैसे देऊन. कारण पिकॅडिलीच्या बऱ्याच स्टेशनांवर जिने आहेत. एलिझाबेथ लाइनच्या मधल्या सगळ्या स्टेशनांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट आहे.

जिने हा लंडनचा खरा प्रश्न आहे, आणि हॉटेलच्या जाहिरातीत तो कुठेच नसतो. ‘स्टेशनपासून दोन मिनिटांवर’ लिहिलेलं असतं, पण त्या स्टेशनातून वर कसं यायचं ते नसतं. ट्रान्सपोर्ट फॉर लंडनचा ‘स्टेप फ्री’ नकाशा वेगळा मिळतो, व्हीलचेअरची खूण असलेली स्टेशनं त्यात दिसतात. हॉटेल त्यावरून निवडा. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग बघून जिन्याकडे वळाल तर १९३ पायऱ्या आहेत, आणि त्याही गोल. शेजारच्या लेस्टर स्क्वेअरला उतरून पाच मिनिटं चाललात तरी चालतं. झोन १ मध्येच राहायचा हट्टही नको. ईलिंग ब्रॉडवे एलिझाबेथ लाइनवर आहे, वेम्ब्ली पार्क ज्युबिली आणि मेट्रोपॉलिटनवर. खोली मोठी मिळते, वेम्ब्लीला गुजराती दुकानांत पीठमीठही मिळतं. झोन वाढल्याने दिवसाची मर्यादा काही पाउंडांनी वाढते, खोलीच्या भाड्यात त्याहून जास्त वाचतं. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी काही लाइनी बंद असतात, तेवढं आदल्या रात्री बघून ठेवा.

बघण्याच्या जागांबद्दल थोडक्यात. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्टरी सगळं फुकट. वेळेचं फुकट बुकिंग करून ठेवलं तर रांग लहान होते. चाकांची बॅग घेऊन ब्रिटिश म्युझियममध्ये सोडत नाहीत, त्यामुळे विमानाच्या दिवशी तो बेत नको. शुक्रवारी ते उशिरापर्यंत उघडं असतं आणि गर्दी ओसरलेली असते. कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे, तिकीट महाग आहे. घेतलंच तर दार उघडताच थेट दागिन्यांच्या दालनात जा, बाकी किल्ला नंतर बघा. उंचावरून शहर बघायला लंडन आयच हवं असं नाही. स्काय गार्डन ही उंच इमारतीच्या माथ्यावरची बाग फुकट आहे, तिकिटं दर सोमवारी पुढच्या तीन आठवड्यांसाठी खुली होतात आणि भराभर संपतात.

वाघनखं बघायला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जाणार असाल तर थांबा, ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली. त्याऐवजी १०, किंग हेन्रीज रोडला जा. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर शिकत असताना तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे आणि प्रवेश फुकट. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं. तिथून प्रिमरोज हिल हाकेच्या अंतरावर, आणि त्या टेकडीवरून दिसणाऱ्या शहराला तिकीट नाही. वेळ असेल तर वॉरिक अ‍ॅव्हेन्यू स्टेशनजवळ १०, हाउली प्लेसवर टिळकांची निळी पाटी (थोरांच्या घरांवर लावतात ती) आहे, पत्रकार चिरोलवर त्यांनी केलेल्या बदनामीच्या खटल्याच्या वेळचा मुक्काम. हायगेटच्या ६५, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवर, म्हणजे इंडिया हाउस या भारतीय विद्यार्थ्यांच्या जुन्या वसतिगृहावर, सावरकरांची. या दोन्ही घरांत आता लोक राहतात, तेव्हा फोटो रस्त्यावरूनच काढा, बेल वाजवू नका.

शाकाहारी मंडळींसाठी सुपरमार्केटचा ‘मील डील’ बरा: सँडविच, चिप्स, पेय मिळून चार पाउंडांच्या आसपास. पाकिटावर ‘सूटेबल फॉर व्हेजिटेरियन्स’ वाचा. फिश अँड चिप्सच्या दुकानात नुसते बटाट्याचे चिप्स घेतानाही विचारा, काही ठिकाणी ते गाईच्या चरबीत तळतात. गरम जेवणासाठी यूस्टनजवळची ड्रमंड स्ट्रीट, तिथे डोसा-भेळेची हॉटेलं ओळीने आहेत. बिलात बहुतेकदा साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला असतो. तो ऐच्छिक आहे, आणि तो दिल्यावर वेगळी टिप लागत नाही. पाणी मागताना ‘टॅप वॉटर’ म्हणा, नाहीतर बाटली येते आणि तिचे पैसे लागतात.

खरेदीवरचा व्हॅट विमानतळावर परत मिळतो असं कुणी सांगितलं तर ती माहिती जुनी आहे. ती सोय १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंडमध्ये बंद झाली. मोठी दुकानं रविवारी फक्त सहा तास उघडी असतात. पॅरासिटामॉल दुकानात सोळा गोळ्यांच्या पाकिटात मिळतं, एका वेळी दोनच पाकिटं देतात. रस्त्याच्या कडेला उभं राहून फोनमध्ये नकाशा बघू नका, सायकलवरून येऊन फोन हिसकावणारे खूप आहेत. भिंतीकडे पाठ करा, मग बघा. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक) लंडन होत नाही आणि लंडनच्या व्हिसावर पॅरिस होत नाही, दोन्ही वेगळे काढायचे.

डिसेंबरात जाणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. चारच्या आधी अंधार पडतो, म्हणून बाहेरचं सगळं सकाळी आणि म्युझियम दुपारनंतर. आणि २५ डिसेंबरला ट्यूब नाही, बस नाही, रेल्वे नाही, बहुतेक दुकानंही बंद. त्या दिवशी विमान येत किंवा जात असेल तर टॅक्सी आधीच बुक करा, नसेल तर चालत काही बघता येईल अशा भागात मुक्काम ठेवा, आणि जेवणाचं सामान २४ च्या दुपारीच आणून ठेवा.