चित्र काढणारा आणि गोळी झाडणारा

'हिंसा वाईटच, पण धर्माची टिंगल करणाऱ्यांनी ती स्वतःच ओढवून घेतली.' ७ जानेवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये पैगंबर मुहम्मद यांची व्यंगचित्रं छापणाऱ्या 'शार्ली एब्दो' या व्यंग्य साप्ताहिकाच्या कचेरीवर हल्ला होऊन १२ जण मारले गेले, तेव्हापासून हे म्हणणं फिरतं आहे. नवा हल्ला झाला की ते पुन्हा फॉरवर्ड होतं. चांगली, शांत स्वभावाची माणसंही ते पुढे पाठवतात, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं.

'मोहोळावर दगड मारला तर माश्या चावणारच.' हा त्यातला सगळ्यात लाडका युक्तिवाद. माशीला विचार करता येत नाही, माणसाला येतो. ही उपमा वापरणारा चित्रकाराला दोष देतो असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो कोट्यवधी श्रद्धाळूंना अविचारी ठरवतो. ती चित्रं पाहून किंवा त्यांच्याबद्दल ऐकून असंख्य मुसलमान दुखावले आणि त्यांनी कुणाच्या अंगाला बोटही लावलं नाही. पॅरिसच्या मोठ्या मशिदीने याच साप्ताहिकावर खटला भरला होता. २००७ मध्ये न्यायालयाने साप्ताहिकाच्या बाजूने निकाल दिला. दुखावलेल्या माणसाने कोर्टात जाणं हा त्याचा हक्कच आहे, तिथे हरला तरी.

आणि त्या दिवशी मेलं कोण? रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्या ज्या पोलिसाला मारेकऱ्यांनी जवळ येऊन गोळी घातली, तो अहमद मेराबे मुसलमान होता. साप्ताहिकाचा मजकूर तपासणारे मुस्तफा उराद अल्जीरियात जन्मलेले. इमारतीच्या देखभालीच्या कामासाठी आलेला एक कर्मचारीही गेला. त्याचा चित्रांशी काडीचाही संबंध नव्हता. यांनीही 'ओढवून घेतलं' का?

'पण राग अनावर होतो हो!' डेन्मार्कचं प्रकरण तारखांसकट पाहा. 'युलँड्स-पोस्टेन' या दैनिकाने पैगंबरांवरची १२ व्यंगचित्रं छापली ३० सप्टेंबर २००५ रोजी. दमास्कसमधली डॅनिश वकिलात पेटवली गेली ४ फेब्रुवारी २००६ रोजी. मध्ये चार महिने गेले. त्या काळात डेन्मार्कमधल्या काही इमामांचं शिष्टमंडळ एक फाईल घेऊन मध्यपूर्वेत फिरलं. दैनिकाने कधीच न छापलेली चित्रंही त्या फाईलमध्ये होती. त्यातलं एक तर फ्रान्समधल्या डुकराचा आवाज काढण्याच्या स्पर्धेतल्या स्पर्धकाचं छायाचित्र होतं! हा राग फिरवून, वाढवून, पेटवला गेला होता. ज्यांनी तो पेटवला त्यांना मात्र कुणी जाब विचारत नाही.

'शब्दांनी हिंसा भडकते हे तुम्हीही मानता ना?' मानतो. १९९४ मध्ये रवांडात रेडिओवरून तुत्सी जमातीच्या लोकांना झुरळं म्हणत त्यांना ठार करा असं सांगितलं जात होतं. ते सांगणाऱ्यांना पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने शिक्षा केली, आणि ती योग्यच होती. तिथे बोलणारा आपल्याच श्रोत्यांना दुसऱ्यांवर सोडत होता. व्यंगचित्रकाराने कुणालाही मारायला सांगितलेलं नसतं, उलट त्यालाच मारलं जातं. या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत.

'निदान भावना दुखावू नयेत, एवढं तरी पाळा.' इथे माझी अर्धी सहमती आहे. त्यातली बरीच चित्रं मलाही ओंगळ वाटतात. तसं मोठ्याने म्हणावं, अंक विकत घेऊ नये, निषेधाचा मोर्चा काढावा. पण मारेकऱ्याला पटेल एवढंच बोलायचं ठरवलं, तर सीमारेषा तोच आखणार आणि वाटेल तेव्हा पुढे सरकवणार.

सामुएल पाती यांनी एकही चित्र काढलं नव्हतं. ते पॅरिसजवळच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचे. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या तासाला त्यांनी 'शार्ली एब्दो'तली दोन व्यंगचित्रं दाखवली, आणि ज्यांना ती पाहायची नाहीत त्यांनी पाहू नयेत, अशी मुभाही दिली. मुसलमान मुलांना त्यांनी वर्गाबाहेर काढलं, असं एका १३ वर्षांच्या मुलीने घरी सांगितलं. ती त्या तासाला वर्गात नव्हतीच. तिच्या वडिलांनी व्हिडिओ पसरवले आणि १६ ऑक्टोबर २०२० रोजी एका अनोळखी तरुणाने पातींचं शिर कापलं. खोट्या आरोपाबद्दल त्या मुलीला २०२३ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं. या शिक्षकाने नेमकं काय टाळायला हवं होतं, हे 'ओढवून घेतलं' म्हणणाऱ्यांनी सांगावं.