राधानगरीची आठवण फक्त पुरातच का येते?

जुलै लागला की कोल्हापुरातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतो. राधानगरी धरणाचा अमुक नंबरचा स्वयंचलित दरवाजा उघडला, 1428 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) विसर्ग सुरू. लगेच पुढचा प्रश्न: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? 2019 आणि 2021 चं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांची धास्ती खरीच आहे. पण ह्या नादात धरण म्हणजे पूर सोडणारं यंत्र अशी समजूत होत चाललीय, ते मला खटकतं.

ह्या धरणाचं खरं काम सुरू होतं बातम्या थांबल्यावर. त्याचं पाणी कालव्यातून फिरवत नाहीत, सरळ भोगावती नदीत सोडतात. खाली जागोजागी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे, पावसाळा सरला की त्यांना बरगे, म्हणजे अडवणाऱ्या फळ्या, घालायचे, नदी अडवायची आणि पंपानं पाणी वरच्या शेतात चढवायचं. म्हणजे नदी हाच कालवा. ते चढवायला माणसं एकत्र यावी लागली, म्हणून गावोगावी पाणीपुरवठा संस्था निघाल्या. पाळी कुणाची, पाणीपट्टी किती, मोटर जळाली तर खर्च कुणाच्या माथी, ह्यावर होणारी भांडणंसुद्धा ह्या धरणाचीच देणगी म्हणायची!

शाहू महाराजांनी फेजिवड्याजवळ हे काम काढलं तेव्हा कोल्हापूर एक छोटं संस्थान होतं. 1918 च्या सुमारास बांधकाम 40 फुटांवर थांबलं, 1922 मध्ये महाराज गेले. धरण पूर्ण व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. आपल्या हयातीत संपणार नाही अशा कामाला हात घालणारा राज्यकर्ता आज दाखवा बघू. आणि ते सात दरवाजे विजेशिवाय, पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, हेही आपण फक्त भीतीपोटी मोजतो.

जयंतीला पुतळ्याला हार घालतो, ठीक आहे. पण मार्च-एप्रिलमध्ये उपसाबंदी, म्हणजे नदीतून पाणी उपसायला मनाई, लागली की आपणच रात्री गुपचूप मोटर चालू करतो, आणि शेवटच्या बंधाऱ्यावरचा माणूस कोरड्या पात्राकडे बघत बसतो. सगळ्या रानात ऊसच हवा, तोही पाट भरून पाणी पाजून. ठिबकचा विषय काढला की "आमच्याकडं पाणी हाय की" हे उत्तर ठरलेलं. वरच्यांना हाय, हो.

तेव्हा ग्रुप ॲडमिन मंडळींना एक विनंती. दरवाज्यांचे मेसेज तर तुम्ही टाकता आहातच, आता उन्हाळ्यात धरणातला शिल्लक साठा आणि उपसाबंदीच्या तारखाही टाका. आणि खालच्या गावांची पाळी कधी, तेही.