तीन म्हणजे तीनच!

नोव्हेंबर उजाडला की आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच वाद पेटतो. थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या अमेरिकन सणाचं, जेवण किती वाजता? यंदा तर रीतसर मतदान झालं. संध्याकाळी सातला दणदणीत बहुमत. मी तीनच्या बाजूने होते. हरले, म्हणून ही पोस्ट.

मी काही जन्मापासून तीनवाली नाही. 2004 साली आम्ही मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ राहायला आलो, तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. शेजारच्या आजींनी अंगणातली पानं गोळा करता करता बोलावलं, "गुरुवारी आमच्याकडे डिनर, तीन वाजता." आता डिनर म्हणजे रात्रीचं जेवण हे आम्ही पाचवीच्या इंग्रजीत शिकलेलो. नवऱ्याने अर्थ लावला की तीनला जायचं, गप्पा मारायच्या आणि आठला जेवायचं. तोवर उपाशी कोण बसणार? मी दुपारी वरण-भात, पोळ्या, फ्लॉवर-बटाट्याची भाजी असा साग्रसंगीत स्वयंपाक केला. एक वाजता दोघं पोटभर जेवलो आणि आपल्या सवयीने सव्वातीनला त्यांच्या दारात हजर. आत बारा माणसं भरल्या टेबलाभोवती आमची वाट बघत बसलेली. टर्की, म्हणजे सणाचा अख्खा भाजलेला पक्षी, कापून तयार, ग्रेव्हीवर साय धरू लागलेली.

त्या दिवशी मी किती आणि कशी जेवले ते विचारू नका. भोपळ्याच्या 'पाय'पर्यंत (pie, जेवणानंतरचा गोड पदार्थ) पोचले तेव्हा साडीची निरी सैल करायला बाथरूममध्ये जावं लागलं. (हो, साडी नेसून गेले होते. पहिलंच आमंत्रण!)

घरी येताना नवरा म्हणाला, "तीन वाजता? ही काय जेवायची वेळ झाली?" हे कोण बोलतंय, तर ज्यांच्याकडे गौरी जेवायच्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य होऊन पहिली पंगत साडेतीनला बसते आणि त्याला बिनदिक्कत 'दुपारचं जेवण' म्हणतात, त्या घरचे चिरंजीव.

तीनचं कोडं आजींनीच पुढे कधीतरी उलगडून सांगितलं. त्यांचं बालपण मिशिगनच्या 'थंब'मधलं, म्हणजे नकाशात हाताच्या पंजाचा अंगठा दिसतो ना, त्या भागातलं. वडिलांचा गाईंचा गोठा. जुन्या शेतकरी घरांत डिनर म्हणजे दिवसाचं मोठं जेवण आणि ते दुपारीच व्हायचं. संध्याकाळचं हलकं खाणं ते सपर. सणाला सगळे भाऊ-बहिणी एकत्र यायचे, पण गाईंना थँक्सगिव्हिंग कळत नाही. पाचला धारा काढायला ज्याला त्याला आपापल्या गोठ्यात हजर राहायलाच लागायचं, तेही अंधार पडायच्या आत. मग जेवण त्याआधीच उरकणार. हे ऐकलं आणि मला एकदम कराडजवळचं आमचं माहेर आठवलं. लग्नकार्य असो नाहीतर पाहुणे असोत, पाच वाजले की आई पदर खोचून चरवी घेऊन म्हशीकडे. मिशिगनच्या गाई आणि आमची म्हैस, दोघींचं घड्याळ एकच निघालं.

आता आजींच्याही घरात गाय नव्हती. पण मॅच होती. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइट लायन्स या आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाची मॅच ही 1934 पासूनची रीत, मधली युद्धाची काही वर्षं सोडली तर. ती सुरू होते साडेबारा-एकला आणि संपता संपता पावणेचार-चार होतात. दुसरी, डॅलस काउबॉइजची, साडेचारला. मिशिगनमधली बरीच घरं या दोन मॅचच्या फटीत जेवण कोंबतात. आजी मात्र तीनवर ठाम. त्यांचं म्हणणं, "तीनपर्यंत लायन्स हरलेलेच असतात, मग थांबायचं कशाला?" ही थट्टा नव्हती. 2004 साली कोल्ट्स संघाने लायन्सना 41-9 ने धुतलं आणि तिथून 2012 पर्यंत सलग नऊ थँक्सगिव्हिंगना आमचा संघ हरला. नऊ वर्षं जेवण गरम मिळालं, हा त्यातला फायदा.

वेळेचं खरं गणित मात्र ओव्हनमध्ये असतं. आमच्या मंडळींना वाटतं, सात ठरवलं म्हणजे दिवसभर निवांत. अहो, चौदा पौंडांची टर्की 325 डिग्री फॅरनहाइटला ठेवली तर पावणेचार तास तरी लागतात. आतलं तापमान 165 ला पोचलं की बाहेर काढून अर्धा तास तशीच ठेवायची, आणि त्याच अर्ध्या तासात बीन्सचं कॅसरोल, रताळी, स्टफिंग सगळं रिकाम्या ओव्हनमध्ये गरम करायचं. फ्रीजमध्ये बर्फ सुटायला दर चार-पाच पौंडांना एक अख्खा दिवस धरायचा. हे मला 2006 साली माहीत नव्हतं. मी बुधवारी रात्री फ्रीजरमधून काढलेली टर्की गुरुवारी दुपारी पोटात हात घातला तर दगड! आमच्याकडे त्या दिवशी रात्री साडेनऊला जेवण झालं. मुलं सीरियल खाऊन झोपली होती.

दुसऱ्या वर्षी आजींनी मला एक कार्ड दिलं. तुपकट, कडेला ग्रेव्हीचा तपकिरी गोल डाग. वरच्या ओळीत 'तीन – बसायचं', आणि तिथून खाली उलटं मोजत आलेलं. अडीचला टर्की बाहेर, पावणेदोनला बटाटे उकडायला, पावणेअकराला टर्की आत. सगळ्यात खालच्या ओळीत 'सोमवार – फ्रीजरमधून काढ'. या शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. कशासाठी, ते दोघींनाही माहीत होतं. आज आजी नाहीत, कार्ड माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे.

सातवाल्यांना माझं एवढंच विचारणं आहे की जेवण झाल्यावर तुम्ही काय करता? साडेआठला उठता, जांभया देत डबे भरता, मुलांना कोट चढवता आणि गाडीत बसता. सण संपला. तीनला जेवलात तर चार वाजता सगळे आडवे. खरकटं तसंच सिंकमध्ये. काउबॉइजची मॅच लागलेली, कुणीच धड बघत नाही. पाचच्या सुमारास अंधारून येतं, कुणीतरी चहा टाकतं, पत्ते निघतात. स्वयंपाक केलेली बाईसुद्धा (किंवा बाप्या, आमच्याकडे आता दोन आहेत) पाय पसरून बसते. मला सणातला हाच तुकडा हवा असतो.

आणि आमच्या गटात एक मैत्रीण नर्स आहे. तिची रात्रपाळी सातला सुरू होते. बहुमताने सात ठरलं, तेव्हा ती ग्रुपवर फक्त 'एन्जॉय' म्हणाली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मधली काही वर्षं तर दुकानांनी हे घड्याळ बिघडवलं होतं. ब्लॅक फ्रायडे, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशीचा मोठा सेल, शुक्रवारचा गुरुवारी रात्री घुसला, आठला दारं उघडायला लागली, लोक 'पाय' खाता खाता रांगेत. 2020 मध्ये कोविडने वॉलमार्ट, टार्गेटसारखी मोठी दुकानं त्या दिवशी बंद ठेवली आणि टार्गेटने 2021 मध्ये ते कायमचंच केलं. कोविडचे उपकार मोजायचे झाले तर हा एक. आता तर उशिरा जेवायला किंवा पळायला काही निमित्तही उरलेलं नाही.

तर मंडळी, सातवाल्यांनी सातला खुशाल जमावं. आमच्याकडे तीनला पानं वाढलेली असतील. तीन म्हणजे टेबलावर बसायची वेळ, घरून निघायची नव्हे. शाकाहारींसाठी भरली वांगी आणि मटार भात आहे. नर्सबाईंचा होकार आला आहे.

रात्री आठला काय, हा प्रश्न नवऱ्याने आत्ताच विचारून ठेवलाय. दरवर्षी तेच होतं. टर्की, 'पाय', सगळं हादडून झाल्यावर आठच्या ठोक्याला कुणीतरी स्वयंपाकघरात डोकावून हळूच म्हणतं, "वहिनी, थोडा वरण-भात आहे का?" कुकर मी सकाळीच लावून ठेवलेला असतो.