‘जीव आणतो माणूस, खापर तापमानावर’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: परक्या सागरी प्रजाती आणि तापणारं पाणी यांची मी लेखात खिचडी केली, हे जीव माणूसच आणतो, जहाजातून नाहीतर कालव्यातून, मग तापमानाचा काय संबंध? शिवाय ब्लॅक सी (काळा समुद्र) अशाच एका परक्या जीवाच्या तडाख्यातून सावरला, तसे बाकीचे समुद्रही सावरतील. आणि शेवटी, समुद्राखालची जंगलं फस्त करणाऱ्या सी-अर्चिनचा (काटेरी, गोल सागरी प्राणी) एवढा त्रास आहे तर लोक ते खाऊन का संपवत नाहीत?

आधी माझी चूक. टास्मानियातल्या (ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं बेट) लांब काट्यांच्या सी-अर्चिनला मी ‘जहाजांनी आणलेला’ म्हटलं होतं. साफ चुकलं. त्याला कुणी आणलं नाही, तो वाहत आला. पण या दुरुस्तीनं तुमचा मुद्दा बळकट होत नाही, उलट लंगडा पडतो.

हा अर्चिन मूळचा उत्तरेकडच्या न्यू साउथ वेल्स या ऑस्ट्रेलियन राज्याच्या किनाऱ्याचा. त्याच्या अळ्या तीनेक महिने पाण्यात तरंगत असतात आणि पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाह त्यांना दक्षिणेकडे नेतो. अडचण एकच: पाणी 12 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्या नीट वाढत नाहीत, आणि हा प्राणी अंडी सोडतो ऐन हिवाळ्यात. त्यामुळे टास्मानियाच्या थंड पाण्यात त्याचं बस्तान बसणं शक्यच नव्हतं. मग प्रवाहाचा दक्षिणेकडचा जोर वाढला, पाणी तापत गेलं आणि 1978 मध्ये टास्मानियात त्याची नोंद झाली. ना जहाज, ना कालवा. हिवाळा पुरेसा गार राहिला नाही, एवढंच.

पुढे काय झालं ते पाण्याखालच्या फोटोंत बघण्यासारखं आहे. दिवसा हे काळे गोळे कपारीत बसून असतात. रात्री बाहेर पडतात आणि पाच दातांच्या तोंडानं खडक खरवडत सुटतात. केल्पचं (उंच वाढणारं सागरी शैवाल) जंगल जाऊन मागे उरतो फिकट गुलाबी खडक, कारण चुन्यासारखं कडक शैवाल तेवढं त्या दातांना पुरून उरतं. खायला काही उरलं नाही तरी अर्चिन मरत नाहीत, अर्धपोटी तिथेच तग धरतात. म्हणून थोडे काढून भागत नाही. जितक्या गर्दीनं जंगल संपलं, त्याच्या कितीतरी खाली संख्या आणावी लागते, तेव्हा कुठे केल्प पुन्हा रुजतं.

इथे माणूस सुटतो असं मात्र नाही. मोठे अर्चिन फोडून खातात ते मोठे शेवंड, आणि ते आपण आधीच पकडून कमी केले होते.

भूमध्य समुद्राबाबत तुम्ही अर्धे बरोबर आहात. सुवेझ कालवा 1869 चा, माणसाचाच. पण तांबड्या समुद्राकडून आलेला पफरफिश हा विषारी मासा भूमध्यात पहिल्यांदा दिसला 2003 मध्ये, आणि नंतर झपाट्यानं पश्चिमेकडे पसरला. आधीची सव्वाशेहून अधिक वर्षं कालवा उघडाच होता की! सगळं श्रेय तापमानाला देत नाही; वाटेतल्या खाऱ्या सरोवरांचा अतिखारटपणा ओसरला, कालवा रुंद-खोल होत गेला, तेही आहेच. पण उष्ण पाण्यातले मासे आले तरी टिकतात कुठवर, हे पाणीच ठरवतं.

ब्लॅक सीचं उदाहरण मात्र जपून वापरा. तिथे जेलीसारखा म्नेमिओप्सिस 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखायला जहाजात भरलेलं पाणी) आला आणि अँकोव्ही या छोट्या माशाची मासेमारी कोसळली. (बेसुमार मासेमारी आणि नद्यांतून येणारी खतं हेही त्यात होतं.) तो आटोक्यात आला, कारण 1997 मध्ये त्यालाच खाणारा बेरोए नावाचा दुसरा परका जीव तिथे दिसला. कुणी ठरवून आणला नव्हता. याला समुद्र सावरला म्हणायचं, तर लॉटरी लागण्याला नोकरी म्हणावं लागेल.

राहिला ‘खाऊन संपवा’चा मुद्दा. टास्मानियात पाणबुडे अर्चिन काढतात, त्यासाठी अनुदानही मिळतं. पण बाजारात किंमत असते ती आतल्या पिवळ्या गाभ्याला, आणि ओसाड खडकावरच्या उपाशी अर्चिनमध्ये तो फारसा नसतोच. त्यामुळे पाणबुडा साहजिकच जातो जिथे केल्प अजून शिल्लक आहे तिकडे. तिथलं जंगल त्यामुळे वाचतं, हे खरं. जुने ओसाड पट्टे मात्र तसेच राहतात.

‘जहाजांनी आणलेला’ हे वाक्य मूळ लेखातून काढलं आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.