चावीवाल्याला येणारा फोन

सोलापूरकराला झोपेतून उठवून पाण्याची पाळी विचारली तरी तो बरोबर सांगेल. उजनी काठोकाठ भरली म्हणून पेपरात फोटो येतात, आमच्या पेठेत मात्र नळ चार दिवसांनीच गुरगुरतो. परवा पहाटे साडेचारला पाणी आलं. आई नळापाशी बसली. दोन घागरी भरल्या, तिसरी अर्धी झाली आणि नळातून नुसती हवा यायला लागली. पाळी सुरू होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती.

मी तसाच कोपऱ्यावर गेलो. चावीवाला व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी उभा होता, छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी दोन्ही हातांनी धरून. पलीकडच्या बोळात एका माजी लोकप्रतिनिधींचं घर आहे. तिकडे दाबानं पाणी जावं म्हणून आमची लाईन आधी बंद केली होती. त्यानं मान खाली घातली. म्हणाला, "काका, फोन आलता. मी रोजंदारीवरचा माणूस, काय करू सांगा."

त्याच्यावर काय चिडायचं? चिडायचं ते फोन करणाऱ्यावर. यात पैसा फिरला नाही, फाईल अडली नाही, त्यामुळे याला कोणी भ्रष्टाचार म्हणणार नाही. मी म्हणतो. माझ्या आईच्या घागरीतलं पाणी त्यांच्या टाकीत गेलं, याला दुसरं नाव नाही.

महानगरपालिका अधिनियमाचं कलम १० मी वाचलंय. पालिकेच्या ठेक्यात नगरसेवकाची भागीदारी निघाली तर पद जातं. त्यानं किंवा त्याच्या बायकोनं बेकायदा बांधकाम केलं तरी जातं. कायदा चांगलाच आहे. पण पहाटे साडेचारचा फोन कोणत्या कलमात बसवायचा? तिथे माणसाची स्वतःची लाजच लागते.

अशी लाज असलेला माणूस आपल्याच जिल्ह्यानं पाहिलाय. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले आणि एकूण ११ वेळा निवडून आले. १९७२ आणि १९९५ ला हरलेही, पण पक्ष बदलला नाही. मंत्रिपदही भूषवलं, तरी आमदार म्हणून फिरायचे एसटीनं. लोक याला साधेपणा म्हणतात. मला त्यात जास्त काही दिसतं. गाडी उशिरा आली, खचाखच भरली, रस्त्यात बंद पडली, तर मतदारांना होणारा त्रास आमदारालाही होत होता. २०२१ मध्ये ते गेले. श्रद्धांजलीचे फलक जिल्हाभर लागले, आणि ते लावणाऱ्यांच्या गाड्यांचे ताफे रोज आपला रस्ता अडवतात.

१२ जानेवारीला हीच मंडळी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालतात. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३१ मध्ये येरवड्यात फासावर गेलेली आपल्या गावची माणसं. त्या हाराचा मान राखायचा तर निदान शेजाऱ्याचं पाणी तोडू नये, इतकी साधी अपेक्षा आहे माझी.

आणि आपणही धुतल्या तांदळाचे नाही. पुतण्याच्या दाखल्यासाठी मी स्वतः त्याच माजी लोकप्रतिनिधींच्या दारात गेलो होतो. रांगेतल्यांना मागे ठेवून त्यांनी माझं काम करून दिलं, तेव्हा मला ते मोठ्या मनाचे वाटले. त्या दिवशी मागे राहिलेल्या माणसाच्या जागी परवा माझी आई होती. हे कळायला मला रिकामी घागर बघावी लागली, याचं वाईट वाटतं.

यापुढे मत मागायला येईल त्याला मी रस्ता, गटार, दिवा विचारणार नाही. तुमच्या घरी पाणी किती दिवसांनी येतं आणि किती वेळ, एवढंच विचारीन. प्रत्येक व्हॉल्व्हपाशी पाळीची वेळ पाटीवर लिहा, आणि पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरशिवाय कोणाच्याही फोनवर चावी फिरणार नाही असं लेखी द्या, हीही मागणी आहे. आमच्या पेठेतल्या बावीस घरांनी अर्जावर सह्या केल्यात. सोमवारी झोन ऑफिसात देतोय, येणाऱ्यांनी अकराला यावं.

तोवर पाळीच्या प्रत्येक पहाटे मी चावीवाल्याशेजारी जाऊन उभा राहणार आहे. फोन आला तर माझ्याकडे दे, असं त्याला सांगून ठेवलंय.